टाइप नेमका कुठे डिफाइन केलाय? रेजेक्सने कोड धुंडाळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेजेक्स म्हणजे ओळ कशी दिसते हे चिन्हांत सांगणारा पॅटर्न. तो देऊन फाइलींतल्या ओळी शोधणारी टूलं, म्हणजे ग्रेप, गिट ग्रेप किंवा रिपग्रेप, हाताशी घेऊन परक्या कोडमध्ये एखाद्या स्ट्रक्टचा (अनेक फील्डं एकत्र बांधणाऱ्या टाइपचा), क्लासचा उगम शोधत बसणाऱ्यांसाठी हे पान आहे. उदाहरणं बहुतेक लिनक्स कर्नलमधली, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, घेतली आहेत. तो कोड कुणालाही उतरवून घेता येतो, आणि त्याच्या अडीच कोटींहून जास्त ओळींत या कामातली प्रत्येक अडचण कुठे ना कुठे भेटतेच. पॅटर्नमधले कीवर्ड आणि नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती मूळ स्पेलिंगने टाकायची. चिन्हं मात्र जशीच्या तशी.

एडिटरमध्ये ‘गो टू डेफिनिशन’ आहे की! मग हा उपद्व्याप कशाला?

ते बटण चालत असेल तर खुशाल बटण दाबा. मीही तेच करतो. पण ते चालायला लँग्वेज सर्व्हरला (एडिटरला कोडचा अर्थ पुरवणाऱ्या प्रोग्रॅमला) आख्खा प्रोजेक्ट नीट उमगलेला असावा लागतो. हेडर (डिक्लरेशन ठेवायच्या .एच फाइली) सापडायला हवेत, बिल्डची माहिती हवी, निदान कोड धड पार्स तरी व्हायला हवा. आणि नेमकं अडतं तेव्हा यातलं काहीच नसतं. एसएसएचने कुठल्यातरी सर्व्हरवर शिरलेले असता, किंवा ग्राहकाने पाठवलेली झिप उघडून बसलेले असता आणि ती बिल्ड होत नाही म्हणून तर तुमच्याकडे आलेली असते. जुन्या टॅगवरचा (गिटमध्ये नाव देऊन ठेवलेल्या आवृत्तीतला) कोड बघायचा असेल तरी तेच. गिट ग्रेपला पॅटर्नच्या पुढे टॅगचं नाव दिलं की चेकआउट न करताच त्या काळच्या कोडमध्ये शोधता येतं. एडिटरचं बटण तिथवर पोचत नाही.

नुसतं नाव टाकून शोधलं तर काय बिघडलं?

छोट्या प्रोजेक्टमध्ये काहीच नाही. कर्नलमध्ये ‘टास्क_स्ट्रक्ट’ एवढंच टाकून बघा, टर्मिनल वाहतच राहील. प्रत्येक प्रोसेसची माहिती या स्ट्रक्टमध्ये असते, त्यामुळे त्याचा पॉइंटर जवळपास प्रत्येक उपप्रणालीत फिरतो. त्यात भर म्हणजे अनेक हेडरांच्या माथ्यावर ‘स्ट्रक्ट टास्क_स्ट्रक्ट;’ एवढीच एक ओळ असते. ते फॉरवर्ड डिक्लरेशन. या नावाचं काहीतरी आहे, तपशील नंतर कळेल, एवढंच ते कंपायलरला सांगतं.

माणसाचं नाव शंभर कागदांवर असतं, पण जन्मदाखला एकच. आपल्याला तो दाखला हवाय. तेव्हा प्रश्न असा विचारायचा: दाखल्याच्या ओळीत असं काय असतं जे बाकीच्या ओळींत नसतं?

मग पहिला पॅटर्न कोणता टाकायचा?

हा:

`^स्ट्रक्ट टास्क_स्ट्रक्ट {`

एवढाच. सुरुवातीची टोपी म्हणजे ‘ओळ इथून सुरू झाली पाहिजे’. मग कीवर्ड, एक स्पेस, नाव, एक स्पेस, आणि उघडणारा महिरपी कंस. फंक्शनच्या आर्ग्युमेंटमधले उल्लेख टोपीने गळतात, कारण ते ओळीच्या मधे असतात. फॉरवर्ड डिक्लरेशन कंसाने गळतात, कारण त्यांच्यापुढे अर्धविराम असतो. उरतो तो इन्क्लूड/लिनक्स/स्केड.एच मधला खरा दाखला, आणि फार तर टूल्स फोल्डरमधली एखाददुसरी चाचणीसाठीची नक्कल.

आता यातली गोम बघा. सी भाषेचे नियम म्हणतात की कीवर्ड आणि नाव यांच्यात दहा स्पेस टाका, कंस तीन ओळी खाली टाका, कंपायलरला काही फरक पडत नाही. हा पॅटर्न चालतो तो सी भाषेमुळे नाहीच, तो चालतो कर्नलवाल्यांच्या सवयीमुळे. त्यांच्या कोडिंग स्टाइलच्या दस्तऐवजात लिहून ठेवलंय की फंक्शनचा उघडणारा कंस पुढच्या ओळीवर, बाकी सगळ्यांचा त्याच ओळीच्या शेवटी. हजारो लोक ते पाळतात, म्हणून तुमचं ग्रेप पाच मिनिटांचं काम पाच सेकंदांत करतं.

रेजेक्सला टाइप म्हणजे काय ते कळत नाही. त्याला ओळीचा चेहरामोहरा कळतो. म्हणून नवा कोडबेस हाती आला की मी आधी कुठलीही दोन हेडरं उघडून बघतो: कंस कुठे टाकतात, टॅब की स्पेस, टायपडेफ (टाइपला नवं नाव देणारा कीवर्ड) वापरतात की नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, आणि पॅटर्न त्यानंतर लिहायचा.

जीएनयूच्या कोडिंग स्टँडर्डमध्ये तर शोध सोपा व्हावा म्हणूनच एक नियम आहे. फंक्शनच्या डेफिनिशनमध्ये रिटर्न टाइप वरच्या ओळीवर आणि नाव खालच्या ओळीवर अगदी पहिल्या रकान्यात. म्हणजे टोपी आणि नाव एवढ्याने डेफिनिशन हाती. पहिल्यांदा बघताना ती मांडणी डोळ्यांना खुपते, पण कारण कळलं की राग जातो.

फाइलच्या नावावरून अंदाज बांधू नये का?

बांधा, पण त्यावर विसंबू नका. कर्नलची प्रसिद्ध लिंक्ड लिस्ट घ्या. तिची फंक्शनं लिस्ट.एच मध्ये, मॅक्रोही (कंपाइल होण्याआधी उलगडून कोड होणारी नावं) तिथेच. साहजिकच ‘स्ट्रक्ट लिस्ट_हेड {’ तिथेच असेल असं वाटतं. ते असतं टाइप्स.एच मध्ये. मी एकदा लिस्ट.एच वरून खाली तीनदा वाचली होती, पॅटर्न मात्र टाकला नव्हता. काखेत कळसा नि गावाला वळसा.

जावात मात्र अंदाज बरोबर ठरतो. पब्लिक क्लास आणि फाइल यांचं नाव एकच असावं लागतं, तेव्हा तिथे आधी फाइलचं नावच शोधा.

महिरपी कंस एका टूलला चालतो, दुसरं एरर देतं. का?

कारण रेजेक्स ही एक भाषा नाही, तिच्या बोली आहेत. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, इथे तर एकाच टूलच्या दोन पर्यायांत बदलते.

ग्रेपचा जन्म युनिक्समध्ये 1973 साली झाला, केन थॉम्पसनच्या हातून. नाव आलं ‘ईडी’ या ओळ-संपादकातल्या एका आज्ञेवरून: सगळीकडे बघ, पॅटर्न जुळव, ओळ छाप. ग्रेपची आणि गिट ग्रेपची मूळ बोली अजून त्याच घराण्यातली आहे. तिला बेसिक म्हणतात. बेसिकमध्ये महिरपी कंस हा साधा कंस असतो आणि बॅकस्लॅश लावला की तो ‘इतक्या वेळा’ या अर्थाची खूण होतो. अधिक चिन्हही तिथे नुसतंच अधिक चिन्ह.

मोठ्या ई चा पर्याय दिला की एक्स्टेंडेड बोली सुरू होते आणि सगळं उलटं होतं. आता कंस म्हणजे मोजणी, आणि बॅकस्लॅश लावला की साधा कंस. रिपग्रेप पहिल्यापासून याच दुसऱ्या पंथातलं, आणि शिस्तीला कडक. जीएनयू ग्रेप एक्स्टेंडेडमध्येही अर्थ न लागणारा कंस मुकाट साधा धरून पुढे जातं, रिपग्रेप तिथे थांबून तक्रार करतं.

या भानगडीतून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे कंस चौकटी कंसात ठेवणे:

`^स्ट्रक्ट टास्क_स्ट्रक्ट [{]`

चौकटीतलं अक्षर सगळ्या बोलींत जसंच्या तसं धरलं जातं. दिसायला बेंगरूळ, पण ग्रेपपासून पायथनपर्यंत कुठेही चालवा. स्क्रिप्टमध्ये मी असंच लिहितो. आणि पॅटर्नला एकेरी अवतरण चिन्हं लावायला विसरू नका, नाहीतर शेल तो आधी स्वतःच चावून बघतं.

टायपडेफ केलेलं नाव या पॅटर्नने सापडतच नाही.

नाहीच सापडणार, कारण तिथे नाव शेवटी येतं. कर्नलमधला ‘ॲटॉमिक_टी’ बघा. पहिल्या ओळीवर ‘टायपडेफ स्ट्रक्ट {’, दुसऱ्यावर आत ‘इंट काउंटर;’, तिसऱ्यावर ‘} ॲटॉमिक_टी;’. ज्या ओळीत टायपडेफ आहे तिथे नाव नाही, आणि नाव आहे तिथे टायपडेफ नाही. म्हणून शेपटीकडून धरायचं:

`^} *ॲटॉमिक_टी;`

सोबत मोठ्या बी चा पर्याय देऊन वरच्या पाच-दहा ओळी मागवा, म्हणजे आतली फील्डंही एकदमच दिसतात.

एका ओळीतले टायपडेफ सोपे असतात: `^टायपडेफ .*\<नाव\>;` यातली उजवी-डावी टोकं म्हणजे शब्दाची सीमा. ती नसतील तर ‘नाव’ शोधताना ‘आडनाव’ही येतं. पण इथे एका शोधाने काम भागेलच असं नाही. ‘पीआयडी_टी’ शोधलात तर उत्तर मिळतं की तो ‘__कर्नल_पीआयडी_टी’ आहे. त्याचा माग काढत गेलात की पॉझिक्स_टाइप्स.एच मध्ये कळतं, तो साधा इंट. हा माग हातानेच काढावा लागतो.

तिसरा प्रकार फंक्शन पॉइंटरचा. तिथे नाव ना शेवटी ना सुरुवातीला, ते कंसात तारकेच्या मागे दडलेलं असतं. `^टायपडेफ .*[(][*] *नाव[)]` हा पॅटर्न त्याच्यासाठी. कर्नलवाले स्ट्रक्टवर टायपडेफचं पांघरूण घालायला नावं ठेवतात. त्यांची कारणं वेगळी आहेत, पण शोधणाऱ्याला फायदा होतो हे खरं.

कंस पुढच्या ओळीवर टाकायची सवय असेल तर?

मग कंसावर भिस्त ठेवता येत नाही. नाव आल्यावर ओळ संपली पाहिजे असं सांगा: `^स्ट्रक्ट +नाव *$`, एक्स्टेंडेड बोलीत. फॉरवर्ड डिक्लरेशन अर्धविरामामुळे आपोआप गळतं.

याच जागी एक चोर बसलेला असतो. पॅटर्न अगदी बरोबर, ओळ डोळ्यांसमोर दिसतेय, पण लिनक्सवर ग्रेप म्हणतं काही नाही. अशा वेळी फाइल विंडोजवर सेव्ह झालेली असण्याची दाट शक्यता. तिथे ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न नावाचं एक न दिसणारं अक्षर असतं, आणि डॉलरला ते आडवं येतं. डॉलरच्या आधी स्पेस आणि तारकेऐवजी `[[:space:]]*` टाका, म्हणजे ते अक्षरही चालवून घेतलं जाईल. किंवा फाइल आधी डॉस-टू-युनिक्सने धुऊन काढा.

अनेक ओळींवर पसरलेला पॅटर्न हवाच असेल तर रिपग्रेपमध्ये मोठ्या यू चा पर्याय आहे. मला तो क्वचितच लागतो.

काहीच सापडत नाही, पण कोड तर कंपाइल होतोय!

म्हणजे डेफिनिशन आहे, तुम्ही बघताय तिथे नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी आड बरोबर आहे का ते बघा.

गिट ग्रेप फक्त गिटमध्ये नोंदलेल्या फाइली बघतं. रिपग्रेप तर गिटइग्नोरमधल्या (गिटला दुर्लक्ष करायला सांगितलेल्या), लपवलेल्या आणि बायनरी फाइली न सांगता सोडून देतं. त्याच्या वेगाचं थोडं श्रेय यालाही आहे. पण बिल्डच्या वेळी तयार होणारा कोड, प्रोटोबफची हेडरं, नोड मॉड्यूल्सचं फोल्डर, हे सगळं इग्नोरमध्येच असतं. रिपग्रेपला छोट्या यू चा पर्याय एकदा दिला की इग्नोर उठतं, दोनदा दिला की लपवलेल्या फाइलीही येतात, तीनदा दिला की बायनरीसुद्धा. सिस्टिमची हेडरं तर प्रोजेक्टच्या बाहेरच असतात.

आड बरोबर असेल तर मग संशय मॅक्रोवर. बीएसडीच्या क्यू.एच मध्ये ‘लिस्ट_हेड’ नावाचा कॅपिटल अक्षरांतला मॅक्रो आहे. त्याला नाव आणि टाइप दिला की तो त्या नावाचं स्ट्रक्ट तयार करतो. कोडमध्ये ‘स्ट्रक्ट’ हा शब्द त्या नावाशेजारी दिसतच नाही, नाव असतं गोल कंसात. तेव्हा `[(]नाव,` असं शोधावं लागतं. गंमत म्हणजे लिनक्समध्येही याच नावाचा मॅक्रो आहे, पण तो टाइप नव्हे, व्हेरिएबल तयार करतो. एका कोडबेसमधून दुसऱ्यात उडी मारणारे इथे हमखास फसतात.

आणि मॅक्रोने दोन तुकडे चिकटवून नाव बनवलं असेल, म्हणजे दुहेरी हॅशचा प्रयोग केला असेल, तर ते आख्खं नाव सोर्समध्ये कुठेच नसतं. नावाचा अर्धा भाग शोधून बघा. तेही जमेना तर जीसीसीला मोठ्या ई चा पर्याय देऊन फक्त प्रीप्रोसेसिंग करून घ्या आणि त्या आउटपुटमध्ये शोधा. सगळे मॅक्रो उलगडलेले असतात, आणि हॅशने सुरू होणाऱ्या ओळींवर फाइलचं नाव नि ओळ क्रमांक असतो. सापडलेल्या जागेपासून वर सरकत गेलात की पहिली अशी ओळ म्हणजे तुमचा पत्ता. हा उपाय मला कुणी आधी सांगितला असता तर काही रविवार वाचले असते.

एकाच नावाच्या तीन डेफिनिशन आल्या. खरी कोणती?

कधीकधी तिन्ही खऱ्या असतात. कर्नलमध्ये ‘स्ट्रक्ट पीटी_रेग्ज {’ शोधा. प्रोसेसरचे रजिस्टर साठवणारं ते स्ट्रक्ट, त्यामुळे प्रत्येक आर्किटेक्चरचं आपलं वेगळं. एक्स86 च्या तर एकाच फाइलमध्ये दोन आहेत, एक 32 बिटचं, एक 64 बिटचं, मधे इफडेफची, म्हणजे अटीनुसार कोड निवडणाऱ्या ओळीची, भिंत. ग्रेपला ती भिंत दिसत नाही.

कधी मात्र जुनी प्रत पडून असते. एका कंपनीत असताना मी एका पॅकेट हेडरच्या स्ट्रक्टमध्ये एक फील्ड वाढवलं. ग्रेपने दाखवलेली पहिली जागा उघडली, बदल केला, बिल्ड झालं, बोर्डवर चढवलं. फील्डमध्ये सतत शून्य. दुपारपर्यंत पाठवणाऱ्या बाजूचा कोड तपासला, मग बाइट ऑर्डर, मग केबल. संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या सीनियरने विचारलं, “ही फाइल कंपाइल होते हे कशावरून?” आणि उत्तराची वाट न बघता माझ्या स्ट्रक्टच्या मधोमध ‘चहा’ असा शब्द टाइप करून बिल्ड चालवलं. कंपायलर चकार शब्द बोलला नाही. ती थर्ड-पार्टी फोल्डरमधली दोन वर्षं जुनी नक्कल होती.

तेव्हापासून शंका आली की मी आधी डेफिनिशनमध्ये कचरा टाकून बघतो. कंपायलर ओरडला तर फाइल खरी. कचरा काढायला मात्र विसरू नये. ‘चहा’ कमिट झाल्याची उदाहरणं आहेत.

सी प्लस प्लसमध्ये क्लास आणि नाव शेजारी असूनही सापडत नाही.

शेजारी नसतील. लायब्ररीचा कोड असेल तर मधे एक्स्पोर्टचा मॅक्रो घुसलेला असतो. क्यूटीमधल्या क्यूस्ट्रिंगच्या डेफिनिशनमध्ये ‘क्लास’ आणि ‘क्यूस्ट्रिंग’ यांच्या मधे ‘क्यू_कोअर_एक्स्पोर्ट’ आहे. म्हणून पॅटर्न सैल करा, `\<(क्लास|स्ट्रक्ट)\>.*\<नाव\>`, आणि मग पाइप लावून दुसऱ्या ग्रेपने अर्धविरामाने संपणाऱ्या ओळी वगळा. म्हणजे फॉरवर्ड डिक्लरेशन आणि फ्रेंड क्लासही जातील. वारसा घेणारे क्लास उरतात, कारण त्यांच्या ओळीत तुमचं नाव कोलनच्या उजवीकडे असतं. ती गर्दी नको असेल तर `.*` च्या जागी `[^:]*` टाका. एकच मोठा पॅटर्न रचण्यापेक्षा दोन छोटे पाइपने जोडलेले बरे. सहा महिन्यांनी वाचताना आपलेच आभार मानाल.

बाकीच्या भाषांचं काय?

गो सगळ्यात सुखाची. केन थॉम्पसन हा गोच्या तीन मूळ रचनाकारांपैकी एक, त्यामुळे ग्रेप करायला गो सोपी निघाली याचं मला नवल वाटत नाही. गोफमट हे गोचं टूल सगळ्यांचा कोड एकाच साच्यात बसवतं, तेव्हा `^टाइप नाव\>` पुरतं. अपवाद एकच: ‘टाइप’ एकदा लिहून गोल कंसात पाच-सात टाइप कोंबलेले असतात. तिथे नाव एका टॅबनंतर येतं.

जावात `\<(क्लास|इंटरफेस|इनम|रेकॉर्ड) +नाव\>`. रेकॉर्ड जावा 16 पासून, म्हणजे 2021 पासून पक्का झाला. जुन्या स्क्रिप्टमध्ये तो नसतो, आणि मग नव्या कोडमधले निम्मे टाइप यादीतून गायब असतात.

टाइपस्क्रिप्टमध्ये ‘टाइप नाव’ एवढंच शोधलं तर ‘इम्पोर्ट टाइप नाव’ या ओळीही येतात. टोपी लावा आणि पुढे ऐच्छिक एक्स्पोर्ट ठेवा: `^(एक्स्पोर्ट +)?(डिक्लेअर +)?(इंटरफेस|टाइप|क्लास|इनम) +नाव\>`. इंटरफेस एकाहून जास्त ठिकाणी सापडला तर दचकू नका, त्या भाषेत एकाच नावाचे इंटरफेस एकत्र जोडले जातात. सगळे मिळून एक दाखला.

पायथनमध्ये `^ *क्लास +नाव\>` ने बहुतेक काम होतं. नेम्ड टपल, न्यूटाइप वगैरे मात्र बरोबर चिन्हाने जन्मतात, त्यासाठी `^नाव *=`. पायथन 3.12 पासून ‘टाइप’ हा कीवर्डही आला आहे.

आतल्या कंसांसकट आख्खी डेफिनिशन रेजेक्सने उचलता येईल का?

नाही. कंसात कंस किती खोल जाईल याला मर्यादा नसते, आणि अस्सल रेग्युलर एक्स्प्रेशनला मोजणी लक्षात ठेवता येत नाही. काही बोलींत रिकर्शन आहे, पण तो पॅटर्न लिहिणारा आणि वाचणारा दोघेही पस्तावतात.

सी भाषेत तर पार्सरचीही फजिती होते. ‘अ * ब;’ ही ओळ म्हणजे गुणाकार की पॉइंटरचं डिक्लरेशन? ‘अ’ हा आधी टायपडेफ झालाय का, हे माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. रेजेक्सकडून ती अपेक्षा धरणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ओळ शोधायला रेजेक्स, आशय उचलायला ट्री-सिटरसारखा पार्सर, एवढी वाटणी ठेवा.

शोध चालू केला आणि टूल गोठलं.

बॅकट्रॅकिंग. पर्लच्या वळणाची इंजिनं एक वाट फसली की मागे येऊन दुसरी धरतात. एका पॅटर्नमध्ये `.*` दोन-तीनदा आलं की वाटांची संख्या भलतीच फुगते. 2 जुलै 2019 रोजी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची सेवा जगभर 27 मिनिटं कोलमडली, ती फायरवॉलच्या नियमातल्या अशाच एका रेजेक्समुळे.

वाट न फसणारी पद्धत थॉम्पसनने 1968 मध्येच छापली होती: सगळ्या वाटांवर एकदमच चालायचं. साधं ग्रेप आणि रिपग्रेप या घराण्यातले, त्यामुळे ते असे अडकत नाहीत. तुम्ही पर्लची बोली मागणारा पर्याय दिला असेल तर तो काढून बघा. `.*` च्या जागी `[^;]*` सारखं काही घातलं तरी बराच फरक पडतो.

एकेक नाव नको, सगळ्या टाइपची यादीच हवी आहे.

मग सीटॅग्ज. आज युनिव्हर्सल सीटॅग्ज ही आवृत्ती वापरात आहे. ती प्रत्येक भाषेसाठी छोटा पार्सर ठेवते आणि नाव, फाइल, जागा यांची सूची बनवते. कर्नलमध्ये मेक टॅग्ज म्हटलं की झालं. पण स्क्रिप्ट्स फोल्डरमधली टॅग्ज.एसएच उघडून बघाच. मॅक्रोने जन्मणारी नावं सीटॅग्जला कळत नाहीत, म्हणून तिथे रेजेक्सची लांबलचक यादी हाताने लिहून ठेवली आहे.

डेफिनिशन आधी होती, आता नाही. कधी गेली?

गिट लॉगला मोठ्या जी च्या पर्यायाने तोच पॅटर्न द्या. ज्या कमिटच्या फरकात जुळणारी ओळ आली किंवा गेली, तेवढेच कमिट दिसतात. सर्वांत वरचा बघा.

कोडमध्ये देवनागरी नावं असतील तर हे सगळं चालेल?

पायथन 3 मध्ये ‘विद्यार्थी’ नावाचा क्लास बिनदिक्कत लिहिता येतो. शिकवणीच्या कोडमध्ये मी पाहिलाही आहे. पण त्याच पायथनच्या रेजेक्स मॉड्यूलला ‘क्लासनंतरचा शब्द दे’ म्हणून बॅकस्लॅश डब्ल्यू आणि अधिक चिन्ह दिलंत, तर हाती येतो फक्त ‘व’. भाषा वेलांटीला नावाचा भाग मानते, रेजेक्स मॉड्यूल मात्र अक्षरं आणि अंकच मोजतं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त त्याच्या लेखी शब्दाबाहेर. ‘मराठी’चे त्याने ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे केलेले पाहून मी बराच वेळ हसलो होतो. जावास्क्रिप्टमध्ये आणि जावामध्ये मुळात बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर, तिथे ‘व’ही मिळत नाही. उपाय म्हणजे आख्खा देवनागरी पट्टाच चौकटीत देणे: `[ऀ-ॿ_]+`. रिपग्रेपचं इंजिन मात्रांना शब्दातच धरतं, त्याला हे सांगावं लागत नाही.

खरा घोळ आपल्या अर्ध्या र चा. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: कुणाचा कीबोर्ड नुक्त्याचा र आणि हलन्त देतो, कुणाचा साधा र, हलन्त आणि वर एक न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइट वेगळे, ग्रेपला ते दोन शब्द. नावात तो जोडक आला तर पायथन सरळ सिंटॅक्स एरर देतो, म्हणजे निदान कळतं. कॉमेंटमध्ये किंवा स्ट्रिंगमध्ये आला तर कुणी काही बोलत नाही. अशा शब्दात र च्या जागेवर `.*` टाकून शोधा, म्हणजे ‘दुस.*या’. दोन्ही येतील.